तिचं लक्ष असतं

आमच्या मनीला घड्याळ कळत नाही, पण घर कळतं. पहाटे आई नुसती पाणी प्यायला उठली, तर मनी कूससुद्धा बदलत नाही. चष्म्याच्या काड्या उघडल्याचा बारीक आवाज झाला, की मात्र अंग ताणून उठते आणि आईच्या आधी ओट्यापाशी जाऊन बसते. चष्मा लागला म्हणजे दिवस सुरू झाला, आता दूध तापणार, हा हिशेब तिने कधी मांडला कोण जाणे. आपण चष्मा आधी लावतो की केस आधी बांधतो, हे आईला स्वतःला विचारलं तर सांगता येणार नाही. दादाने ऑफिसची बॅग उचलली, तर मनी एक डोळा किलकिला करून पुन्हा झोपते. त्याने मळकी कापडी पिशवी झटकली, तर दारापर्यंत सोबत जाते. त्या पिशवीतून मांदेली येतात, कधी बोंबील येतात.

मांजराविषयी आपल्याकडे फारसं बरं बोललं जात नाही. कुत्रा इमानी आणि मांजर मतलबी, हा निकाल केव्हाच लागून गेला आहे. दूध पिताना डोळे मिटतं म्हणून ते ढोंगी, रस्त्यात आडवं गेलं म्हणून अपशकुनी. पण खरी तक्रार एकच असते: हाक मारली तर येत नाही.

जपानमध्ये आत्सुको साइतो या संशोधक बाईंनी ही हाकच तपासायला घेतली. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासात मांजरांना आधी परक्या माणसांनी मारलेल्या हाका ऐकवल्या, मग मालकाची. परक्या हाकांना मांजरं हळूहळू सरावली आणि मालकाचा आवाज आला तशी पुन्हा सावध झाली. सावध झाली म्हणजे धावत गेली नाहीत, ओरडली नाहीत. कान वळला, डोकं किंचित फिरलं, बस्स. २०१९ साली साइतोबाईंनीच दाखवलं, की तशाच लांबीच्या इतर शब्दांतून मांजर स्वतःचं नाव वेगळं ओळखतं. पुढे क्योतोमधल्या संशोधकांना आढळलं, की मालक दिसत नसतानाही तो कुठे असेल याचा अंदाज मांजर नुसत्या आवाजावरून बांधून असतं. एका जागेवरून आलेला त्याचा आवाज लगेच भलतीकडून आला, तर ते चकित होतं. म्हणजे आपण मोरीत असलो काय किंवा गच्चीत, झोपलेल्या मांजराच्या मनात आपली जागा ठरलेली असते.

हे वाचन किती बारीक, ते डॉक्टरकडे न्यायच्या दिवशी कळतं. टोपली अजून माळ्यावर असते, स्टूलही जागचं हललेलं नसतं. आपण फक्त मनीच्या दिशेने निघालेलो असतो, तेवढ्यात ती पलंगाखाली शिरून पार भिंतीला चिकटलेली. कशावरून कळलं? एरवी घरात हळू कोण चालतं? आपण स्लिपर फटफटवत, फोनवर बोलत, दारं आपटत फिरतो. पकडायला निघालेला माणूस मात्र पाऊल दाबून टाकतो, हात अंगाशी धरतो आणि ‘मी तुझ्याकडे येतच नाहीये’ असं भासवायला मुद्दाम खिडकीकडे बघतो. एवढं सोंग आपण फक्त त्याच दिवशी आणतो.

आमच्याकडे येणाऱ्या एका काकांना मांजर अजिबात खपत नाही आणि मनी हटकून त्यांच्याच मांडीवर चढते. यात तिचा खोडसाळपणा नाही. मांजरवेडे पाहुणे तिच्याकडे टक लावून बघतात, अंगावर वाकतात, हात पुढे करतात. मांजरांच्या जगात रोखून बघणं म्हणजे दमदाटी. काका बिचारे नजर चुकवून, हाताची घडी घालून, गप्प बसलेले असतात. मांजराच्या लेखी याहून सभ्य माणूस नाही. ब्रिटनमधल्या संशोधकांनी २०२० साली उलट बाजूही दाखवली. माणसाने मांजराकडे बघत डोळे सावकाश मिचकावले, की मांजरही तसेच मिचकावतं आणि परक्याच्या हाताजवळ यायला राजी होतं.

म्हणून मांजर मनकवडं आहे असं म्हणायचा मोह होतो, पण ते खरं नाही. अमेरिकेत मिशिगनमधल्या एका अभ्यासात मालक हसऱ्या चेहऱ्याने बसला तर मांजर त्याच्याजवळ जास्त रेंगाळलं. परका माणूस हसला काय, कपाळाला आठ्या घालून बसला काय, त्याला फारसा फरक पडला नाही. मांजराला माणूस वाचता येतो असं नाही, आपला माणूस वाचता येतो. ही विद्या सहवासाने येते. ओट्याखाली, खुर्चीवर, उन्हाच्या पट्ट्यात पडून ते आपल्याला रोज बघत असतं.

कुत्र्याचे पूर्वज कळपाने शिकार करणारे. सोबत्याकडे बघायचं आणि त्याच्याबरोबर निघायचं, हे त्याच्या रक्तात आहे. मांजराचा पूर्वज एकटं हिंडणारं रानमांजर, स्वतः शिकारी आणि मोठ्या जनावरांचा घासही. पश्चिम आशियातल्या पहिल्या शेतकऱ्यांच्या धान्यामागे उंदीर आले आणि उंदरांमागे तो आला. प्रत्येक हालचाल टिपणं त्याला भाग होतं. हुकूम पाळण्याशी त्याचा कधी संबंध आला नाही. आपण मात्र लक्ष देणं आणि ऐकणं या दोन गोष्टी एकच धरतो आणि मुलांपासून मांजरापर्यंत सगळ्यांवर रुसतो.

तेव्हा हाकेला मांजर आलं नाही, तर त्याच्या नावाने बोटं मोडण्याआधी त्याच्या कानाकडे बघा. कान तुमच्याकडे वळला असेल, तर हाक पोचली आहे. उठायचं की नाही, हा त्याचा प्रश्न.