पेल्यावरचा नांगर

आमच्या घरी चांदीचा एक पेला आहे. आजीच्या पत्र्याच्या पेटीत तो मऊ फडक्यात गुंडाळलेला असे. नाताळच्या आदल्या दिवशी आजी तो राखेने घासून लख्ख करी आणि थोरले काका त्याची कथा सांगत. १७३९ साली वसईचा किल्ला मराठ्यांनी घेतला, तेव्हा निघून जाणाऱ्या एका पोर्तुगीज कप्तानाने तो आमच्या पूर्वजाला भेट दिला, असे ते म्हणत. पुरावा म्हणून बुडाशी उमटवलेला इवलासा नांगर ते बोटाने दाखवीत. गलबताच्या कप्तानाची खूण नांगरावाचून दुसरी कोणती असणार?

आजीच्या पश्चात तो पेला माझ्याकडे आला. एके दुपारी मी भिंग घेऊन बसलो आणि ती कथा माझ्या हातातच विरघळू लागली.

इंग्लंडमध्ये चांदीची कसोटी लावून खुणा उमटवण्याची प्रथा फार जुनी. लंडनच्या सोनारांच्या संघाची वास्तू म्हणजे गोल्डस्मिथ्स हॉल. त्यावरूनच 'हॉलमार्क' हा शब्द आला. चालणारा सिंह दिसला, की हजार भागांत ९२५ भाग शुद्ध चांदी समजावी. ही खूण १५४४ पासूनची. दुसरी खूण गावाची: लंडनची बिबट्याचे मुख, एडिंबरोची किल्ला आणि बर्मिंगहॅमची नांगर! समुद्रापासून दूर असलेल्या त्या कारखान्यांच्या गावाने नांगर का निवडला? लंडनमधील 'क्राऊन अँड अँकर' नावाच्या खानावळीवरून, असे सांगतात. बर्मिंगहॅमची कसोटी-कचेरी मात्र १७७३ साली उघडली. वसई पडून तेव्हा चौतीस वर्षे लोटली होती. शिवाय जुन्या पोर्तुगीज चांदीवर लिस्बनचा मुकुटधारी 'एल' किंवा पोर्तूचा 'पी' आढळतो. आमच्या पेल्यावर त्यातले काहीच नव्हते.

आता प्रश्न वयाचा. १७८४ ते १८९० या काळात कर भरल्याची निशाणी म्हणून चांदीवर राजाचे किंवा राणीचे मस्तक उमटवीत. आमच्या पेल्यावर ते नव्हते. उरले वर्षाचे अक्षर. दरवर्षी एक अक्षर, आणि वर्णमाला संपली की अक्षराचे वळण व भोवतीच्या ढालीचा आकार बदलायचा. म्हणून नुसते अक्षर वाचून भागत नाही, त्याचे वळणही पाहावे लागते. आजीच्या राखेने ते बरेच झिजले होते. तरी खिडकीच्या उजेडात तिरपे धरल्यावर साधा, लहान 'के' स्पष्ट झाला. बर्मिंगहॅमच्या कोष्टकात तो १९०९ सालचा.

त्याच पेटीच्या तळाशी पणजोबांची आगबोटीवरील नोकरीची जीर्ण पुस्तिका होती. १९०८ ते १९११ या काळात ते बोटीवर बटलर होते. घरात याविषयी कोणी कधी बोलले नव्हते. साहेबांची ताटे उचलणारा पूर्वज सांगण्यापेक्षा कप्तानाचा मित्र सांगणे सोपे गेले असावे.

हे काकांना सांगावे की नाही, याचा मी महिनाभर विचार केला. अखेरीस पेला, भिंग आणि पुस्तिका घेऊन गेलो. त्यांनी सारे ऐकले आणि विचारले, "म्हणजे आम्ही इतकी वर्षे खोटे सांगत आलो?"

"काका, खूण एवढेच सांगते, की पेला कुठे आणि कधी तपासला गेला. तो आपल्या घरी कसा आला, हे ती सांगत नाही."

ते काही बोलले नाहीत. पुस्तिका मात्र त्यांनी ठेवून घेतली.

त्या नाताळला नातवंडे भोवती जमली तेव्हा काकांनी पेला उचलला. नेहमीप्रमाणे नांगरावर बोट ठेवले. क्षणभर थांबले आणि म्हणाले, "तुमचे खापरपणजोबा आगबोटीवर बटलर होते. तीन वर्षे त्यांनी समुद्रावर काढली. हा पेला त्या दिवसांतला."

मुलांनी तो हातोहाती फिरवला. यंदा तो राखेने घासू नका, एवढेच मी सुचवले.