चेहरा नसलेली माणसं

सूर्या नदीच्या अंगाखांद्यावरचं मासवण. आसपासच्या वारली पाड्यांत लग्न निघालं की कुडाची भिंत शेणाने लिंपून वर गेरूचा हात फिरतो. तांदळाचं पीठ पाण्यात कालवायचं, बांबूच्या काडीचं टोक ठेचायचं आणि सवाष्णींनी चौक लिहायला बसायचं. टोकाला टोक भिडलेले दोन त्रिकोण म्हणजे धड, वर वाटोळं डोकं, काड्यांचे हातपाय. डोक्यामागे बुचडा आला की बाई झाली. नाकडोळे मात्र कुणालाच नाहीत. तरी तारपा वाजवणाऱ्या तारपेकऱ्याभोवतीचा फेर भिंतीवर गरगरतो, कारण दोन त्रिकोण जिथे भेटतात त्या एका बिंदूत कंबर लवते, वळते, ताठ होते.

सिनेमाच्या कार्टूनला मात्र चेहरा हवाच असतो. सहा-सात मिनिटांत गोष्ट आटपायची, तर पात्र बघताक्षणी ओळखू यायला हवं. मग काळा माणूस म्हणजे लोंबते ओठ आणि बटबटीत डोळे, असे साचे अमेरिकेत पडले आणि पडद्यावर हशा पिकवत राहिले. वॉर्नर ब्रदर्सचे असे अकरा कार्टूनपट 1968मध्ये टीव्हीवरच्या प्रसारणातून काढून घेतले गेले, तोवर त्यांतल्या बहुतेकांना पंचवीस-तीस वर्षं उलटून गेली होती.

आणि चेहरा काढूनच घेतला तर?

‘टॉम अँड जेरी’तली काळी मोलकरीण आठवा. 1940च्या पहिल्याच भागापासून ती घरात आहे. जाड पाय, घसरलेले मोजे, सपाता, हातात केरसुणी आणि तोंडाचा पट्टा सुरू. मांजराच्या मिशीचा केस न् केस दिसतो, तिचं तोंड दिसत नाही. 1950च्या एका भागात ती धावत पुढे येते, तेव्हा निमिषभर चेहरा चमकून जातो, तेवढाच. काळ्या नागरिकांच्या संघटनेने या पात्रावर आक्षेप घेतला. पुढे साठच्या दशकात टीव्हीसाठी तिच्या जागी एक सडपातळ गोरी बाई रंगवली गेली. मूळ आवाज होता लिलियन रँडॉल्फ या अभिनेत्रीचा. श्रेयनामावलीत तिचं नाव नव्हतं.

इथे दोन्हीकडे चेहरा नाही, पण हिशेब वेगळा आहे. चौकात नवरा, नवरी, तारपेकरी, शेतकरी सगळेच बिनचेहऱ्याचे. टॉमच्या घरात मांजर, उंदीर, कुत्रा सगळ्यांना तोंडं आहेत. नाही ते कामवालीला.

चेहऱ्याची चेष्टा टाळणारं आपल्याकडचं उदाहरण 1974चं. विजया मुळे यांचा ‘एक अनेक और एकता’ हा कार्टूनपट भीमसैन यांनी रेखाटला, संगीत वसंत देसाईंचं, गाणारा कोवळा गळा साधना सरगमचा. दूरदर्शनने तो घरोघरी नेला. जाळ्यात सापडलेल्या चिमण्या जाळ्यासकट उडतात, उंदीर जाळं कुरतडतात. एकीचा धडा पाखरांवर सोपवल्यामुळे कुणाचं नाक, कुणाचा रंग चेष्टेला येत नाही. गोष्ट मात्र हिंदीत. पाड्यावरच्या पोराला ती आपल्या बोलीत ऐकू आली नाही.

नावाचा प्रश्न वारली भिंतीलाही चुकला नाही. चौक लिहिणाऱ्या बायांची नावं कुणी टिपली नाहीत. सत्तरच्या दशकात चित्रकार भास्कर कुलकर्णी डहाणूकडच्या पाड्यांवर पोचले आणि चित्रं कागदावर आली. जगापुढे आलेलं ठळक नाव गंजाडच्या जिव्या सोमा मशे यांचं, म्हणजे पुरुषाचं. त्यांना 2011मध्ये पद्मश्री मिळाली. आता तेच त्रिकोण चादरींवर, कपबशांवर आणि शीतपेयाच्या जाहिरातीतही नाचतात. उद्या कुणी त्यांचा कार्टूनपट काढलाच, तर चित्रं कोण काढणार, तारपेकरी कुठल्या बोलीत बोलणार आणि शेवटच्या नामावलीत पाड्यावरची एक तरी बाई असणार का, हे आधी ठरवून घ्यावं लागेल.