कालनागिनी आणि कालाच

बेहुला-लखिंदराची कथा ठाऊक नाही असे घर वंगभूमीत सापडणे कठीण. मनसादेवीच्या कोपाने लोहगृहात निजलेल्या नवरदेवास सर्पदंश झाला आणि बेहुला पतीचे शव केळीच्या खांबांच्या तराफ्यावर घेऊन नदीच्या प्रवाहाबरोबर निघाली. दंश करणाऱ्या त्या सर्पाचे नाव कालनागिनी. मौज अशी की, बंगालमध्ये आज हे नाव ज्या सापाला मिळाले आहे, त्याच्यापासून माणसाला धोका नाही. हिरवट-पिवळ्या अंगावर काळी नक्षी व तांबडे ठिपके मिरवीत, अंग चपटे करून झाडावरून झाडावर झेपावणारा हा साप आपल्याकडे उडता सोनसर्प म्हणून ओळखला जातो. नावाच्या अपकीर्तीपायी मात्र तो मारला जातो.

नावावर विसंबू नये, अंगावरील खुणा पाहाव्यात, हे शास्त्र कोलकात्यात चांगलेच रुजले. येथील मेडिकल कॉलेजातील शल्यचिकित्सक जोसेफ फेरर यांनी भारतातील विषारी सापांवरील आपला ग्रंथ १८७२ मध्ये प्रसिद्ध केला. त्यातील चित्रे अन्नदाप्रसाद बागची आदी येथीलच कलाशाळेच्या विद्यार्थ्यांनी काढली होती. भारतीय प्राणिसर्वेक्षण संस्थाही १९१६ मध्ये याच नगरीत स्थापन झाली. वाचकहो, आपण कोलकात्यास गेलात तर चौरंगीवरील इंडियन म्युझियम आणि १८७६ मध्ये उघडलेल्या अलीपूरच्या प्राणिसंग्रहालयातील सर्पगृह अवश्य पाहा. साप निवांतपणे न्याहाळावयाचा तो काचेआडूनच.

तेथे पहिला भ्रम दूर होतो तो त्रिकोणी डोक्याचा. त्रिकोणी डोके म्हणजे विषारी साप, ही समजूत घोणशीपुरती ठीक आहे. नागाचे व मण्याराचे डोके मानेपासून फारसे वेगळे दिसतच नाही. उलट, मांजऱ्या सापाचे डोके त्रिकोणी असूनही तो माणसाला घातक नाही. नागाची खूण त्याचा फणा. आपल्याकडे त्यावर दहाचा आकडा दिसतो, तर बंगालातील 'केउटे' नागाच्या फण्यावर एकच वर्तुळ असते. पण नाग काही सदैव फणा काढून बसलेला नसतो, आणि फणा नसलेला नाग व धामण यांत दुरून घोटाळा होतो. बंगाली 'चंद्रबोडा' म्हणजे आपली घोणस. तिच्या पाठीवर गडद लंबगोल ठिपक्यांच्या तीन सरळ ओळी असतात. निरुपद्रवी डुरक्या घोणशीच्या अंगावरील डाग वेडेवाकडे, एकमेकांत मिसळलेले असतात आणि तिची शेपटी आखूड असते.

सर्वांत घातक घोटाळा 'कालाच' आणि 'घरगिन्नी' यांचा होय. म्हणजेच आपले मण्यार आणि कवड्या. दोघेही रात्री घरात शिरतात, दोघांच्याही अंगावर आडवे पांढरे पट्टे असतात. कवड्याचे पट्टे मानेपासून ठळक सुरू होऊन शेपटीकडे पुसट होत जातात. मण्याराचे नेमके उलटे : मानेकडे ते पुसट किंवा मुळीच नाहीत, शेपटीकडे स्पष्ट, बहुधा जोडीजोडीने. त्याच्या तकतकीत काळ्या पाठीच्या कण्यावरील षट्कोनी खवले शेजारच्या खवल्यांहून मोठे असतात. ही शेवटची खूण अचूक खरी. पण ती पाहण्याइतके जवळ कोणी जाऊ नये. मेलेला साप हाताळणेही धोक्याचेच, कारण मेल्यानंतरही काही काळ त्याचा जबडा मिटू शकतो.

सियालदाहून कॅनिंगकडे गेलेल्या रेल्वेमार्गावरील खेड्यांत उन्हाळा-पावसाळ्यात जमिनीवर निजणारी माणसे पुष्कळ. मण्यार अंथरुणात शिरून दंश करतो. त्याची वेदना जवळजवळ नसते, दाताची खूणही पुष्कळदा सापडत नाही. पहाटे पोट दुखू लागते, घसा धरतो, पापण्या जड होतात, आणि घरची मंडळी ओवा शोधू लागतात! अशा पहाटे साप कोणीच पाहिलेला नसतो. ओळखीच्या साऱ्या खुणा निरुपयोगी ठरतात. तेव्हा थेट रुग्णालय गाठावे. मच्छरदाणी चारही बाजूंनी गादीखाली खोचून निजल्यास मात्र ही वेळच सहसा येत नाही.

रुग्णालयात साप मारून नेण्याचे कारण नाही. वैद्य लक्षणे पाहतात. घोणशीच्या विषाचा संशय असल्यास थोडे रक्त स्वच्छ, कोरड्या काचनळीत वीस मिनिटे स्थिर ठेवतात. ते गोठले नाही, तर उत्तर मिळाले. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चौघांच्या विषावर आपल्या देशात एकच मिश्र प्रतिविष दिले जाते.