आमच्या न्हाणीघराची मोरी

न्हाणीघरासारख्या विषयावर शाळेच्या वार्षिकांत लिहावें कीं नाहीं, अशी शंका प्रथम आमच्या मनांत आली. परंतु जी गोष्ट घरोघरीं रोज सकाळीं घडते, आणि जिच्या पायीं आमच्या हातून एका कष्टाळू माणसास इजा झाली, ती सांगण्यास संकोच कशाचा, असें वाटून हा लेख विद्यार्थ्यांपुढें व त्यांच्या पालकांपुढें ठेवीत आहों.

आमच्या घरीं बादली-तांब्या जाऊन शॉवर आला, तेव्हां सर्वांस त्याचें मोठें अप्रूप वाटलें. बादली संपली कीं स्नान संपे. शॉवरास असा शेवट नाहीं. मुलें त्याखालीं उभीं राहून गाणीं म्हणत, शॅम्पूची पुडी दातांनीं फोडून तिचा कोपरा तेथेंच टाकून देत, आणि विंचरतांना गळलेले केस पायानेंच जाळीकडे लोटून देत. मुलांसच दोष कां द्यावा? आम्ही स्वतः ओला पंचा व साबणाची टोपली शॉवरच्या नळीस अडकवीत असूं. ती नळी म्हणजे खुंटी नव्हे. भिंतींत ती केवळ आट्यांच्या जोडावर बसविलेली असते. रोज भार पडून जोड सैल झाला, पाणी भिंतींत मुरलें, आणि खालच्या बिऱ्हाडाच्या छतास ओल आली तेव्हां आमचे डोळे उघडले. खालचीं मंडळी भलीं, म्हणून बोभाटा झाला नाहीं इतकेंच.

खरा प्रसंग ओढवला तो नरकचतुर्दशीस. पहांटे थंडी चांगलीच होती व बाटलींतील खोबरेल तेल गोठलें होतें. तें ऊन करून सर्वांनीं अंगास चोळलें, वर उटणें लाविलें, आणि एकामागून एक सहा माणसांचीं अभ्यंगस्नानें सुरू झालीं. तिसऱ्या स्नानाच्या वेळीं पाणी घोट्यापर्यंत चढलें व उतरेना.

मोरीच्या जाळीखालीं एक वांकडें भांडें असतें. नळकामाचे कारागीर त्यास ‘नहाणी ट्रॅप’ म्हणतात; आपली न्हाणी त्या शब्दांत सहज ओळखूं येते. त्यांत सुमारें दोन इंच पाणी नेहमीं साठून राहतें व तें गटाराची दुर्गंधी घरांत येऊं देत नाहीं. योजना मोठी हुशारीची आहे; परंतु जें पाण्याबरोबर वाहून जात नाहीं, तें नेमकें तेथेंच अडतें. खोबरेल तेल सुमारें २४ अंश सेल्सिअसच्या खालीं थिजतें. अंगावरचें ऊन तेल थंड नळींत गेलें कीं पुनः थिजावयाचें, त्यांत उटण्याचा भुगा मिसळावयाचा, आणि केसांच्या गुंत्यानें तें सर्व घट्ट धरून ठेवावयाचें. गवंडी गिलाव्यांत ताग घालीत, तशांतलाच हा प्रकार. शिवाय आमचें पाणी बोअरचें, म्हणजे दुष्फेन. त्यांतील कॅल्शियमशीं साबणाचा संयोग होऊन जो चिकट सांका बनतो, तो पाण्यांत विरघळत नाहीं. शॉवरच्या भोकांवर पांढरा थर धरतो, तोही ह्याच दुष्फेन पाण्याचा.

हें सर्व आम्हांस आज सांगतां येतें. त्या दिवशीं मात्र आम्हीं दुकानांतून फरशी धुण्याच्या ॲसिडाची बाटली आणली व सगळी मोरींत ओतली. धूर निघाला, खोकला आला. पाणी तसूभरही हाललें नाहीं. हालणार कसें? केस त्या ॲसिडानें लवकर विरत नाहींत, आणि साबणावर आम्ल पडलें कीं त्यांतील स्निग्ध अंश उलट सुटा होऊन वर येतो. शाळेंत शिकविलेलें रसायनशास्त्र आमच्या घरच्या मोरीपर्यंत पोहोंचलें नव्हतें.

दुसऱ्या दिवशीं सणाची सुटी असूनही मिस्त्री आले. वयानें आमच्याहून वडील. त्यांनीं जाळी उचलली व कोपरापर्यंत हात आंत घातला. ॲसिडाचा बराचसा भाग भांड्याच्या बुडाशीं तसाच होता. तापल्या तव्यास हात लागावा तसा त्यांनीं तो मागें ओढला.

“सर, ह्यांत काय ओतलंत?”

मुलांस खरें बोलावयास शिकविण्यांत आमचा जन्म गेला. तरी त्या क्षणीं “थोडें ॲसिड” एवढेंच कसेंबसें तोंडून निघालें. थोडें नव्हतें, बाटलीभर होतें. पत्नीनें त्यांना स्वयंपाकघरांतील नळाखालीं नेऊन वीस मिनिटें हातावर पाणी सोडलें, आणि मग डॉक्टरांकडे आम्हीच घेऊन गेलों. बोटांवर फोड आले होते. आठवडाभर त्यांस काम करतां आलें नाहीं. त्या दिवसांची मजुरी आम्हीं दिली ती त्यांनीं घेतली. परंतु आपण होऊन एक अक्षरही बोलले नाहींत. रागावते तर बरें झालें असतें.

पुढें मोरी साफ झाली तेव्हां मूठभर केसांचा काळा गोळा, उटण्याची ढेप व पुड्यांचे कितीतरी कोपरे बाहेर आले. आतां आमच्या जाळीवर दुसरी बारीक जाळी बसविली आहे. तिच्यावरचे केस ज्याचे त्यानें उचलावे असा नियम आहे. अंगावरचें जास्तीचें तेल व उटणें जुन्या फडक्यानें पुसून मगच पाणी घ्यावयाचें. शॉवरचें तोंड रात्रभर व्हिनेगरमध्यें बुडवून ठेवलें कीं थर सुटतो. नळ मात्र धाकटे चिरंजीव अजून जीव खाऊन पिळतात, आणि आंतील रबरी चकती कापली जाऊन तो गळूं लागतो. ॲसिडाची बाटली घरांत येत नाहीं.

गेल्या दिवाळीपूर्वीं तीच चकती बदलण्यास मिस्त्री आले होते. जातांना मोरी पाहून घ्यावी, असें आम्हीं सुचविलें. ते जाळीपाशीं बसले, क्षणभर थांबले व वर पाहून म्हणाले, “सर, आज कांहीं ओतलं नाहीं ना?”

“नाहीं, मिस्त्री,” आम्हीं सांगितलें.

त्यांनीं मान डोलविली, पिशवींतून रबरी हातमोजे काढून दोन्ही हातांवर चढविले, आणि मग जाळी उचलली.