बंद नळातली वाळू

मलवाहिन्यांची आखणी करणाऱ्या प्रत्येक अभियंत्याला एक आकडा तोंडपाठ असतो: सेकंदाला 0.6 मीटर. सुरुवातीच्या काळातल्या कमाल प्रवाहाला निदान एवढा आणि आराखड्यातल्या कमाल प्रवाहाला 0.8 मीटर वेग मिळाला, की नळ स्वतःला साफ ठेवतो असं आपण धरतो. माझं म्हणणं असं, की या आकड्यात वाळू मुकाट वाहून जाणारा माल ठरते. प्रत्यक्षात ती प्रवाहालाच घडवत असते. तळावर जरासा उंचवटा आला की त्याच्या चढावर पाण्याला वाट कमी पडते, वेग वाढतो आणि तळावरचं घर्षण शिखराच्या थोडं अलीकडेच सर्वाधिक होतं. शिखरापाशी येईतो पाण्याची ओढ कमी झालेली असते, म्हणून उचललेले कण तिथेच पडू लागतात आणि उंचवटा वाढतो. पलीकडे प्रवाह तळापासून सुटतो, भोवरा धरतो. कण सुमारे तीस अंशांच्या उतारावरून घरंगळतात आणि आख्खी लाट पुढे सरकते. येणाऱ्या आणि जाणाऱ्या वाळूतल्या फरकाने तळ चढतो किंवा खचतो, हा हिशेब ऑस्ट्रियाच्या फेलिक्स एक्सनर यांनी 1925 मध्ये मांडला. अशा लाटा उठल्या की पाण्याचा बराच जोर त्या ओलांडण्यातच खर्च होतो, कण हलवायला थोडाच उरतो. सरासरी वेग हे सांगत नाही.

यावर कुणी म्हणेल, नळाला छत आहे. वाळू चढली की पोकळी अरुंद होईल, वेग वाढेल, वाळू निघून जाईल. अर्धं खरं आहे. वेग वाढतो, पण जेवढी वाळू येते तेवढी पुढे जाऊ लागली की तळ तिथेच ठरतो, रिकामा होत नाही. शिवाय अरुंद, खडबडीत वाटेतून तेवढंच पाणी ढकलायला मागे पातळी चढावी लागते, आणि मॅनहोलची उंची संपली की पाणी रस्त्यावर येतं. रात्री प्रवाह रोडावतो तेव्हा चिकट मैला आणि तेलकटपणा वाळूला बांधून ठेवतात. अल्बर्ट शील्ड्स यांचा 1936 चा आलेख सुट्या कणांसाठी आहे, या थराला हलवायला कितीतरी जास्त जोर लागतो.

मग मोठा नळ घालावा? तोच उपाय सर्वांत आधी सुचतो आणि तोच सर्वांत जास्त गाळ साठवतो. गोल नळ अर्धा भरला तरी वेग पूर्ण भरल्याइतकाच असतो, त्याखाली मात्र घसरत जातो. मोठ्या नळात पहाटेचं पाणी रुंद, उथळ पसरतं. एकोणिसाव्या शतकात लंडनमध्ये अंड्याच्या आकाराच्या, निमुळतं टोक खाली असलेल्या मलवाहिन्या बांधल्या गेल्या, त्या याचसाठी: थोडं पाणीही खोल राहावं. आराखडा तपासताना मी म्हणून कमाल प्रवाहाआधी सर्वांत कमी प्रवाहाचा तक्ता मागते, आणि त्यात वेगाऐवजी तळावरचा घर्षणाचा ताण पाहते.