लांबीचे रसायन

छोटे रेणू एकाच पद्धतीने, शेकड्यांनी किंवा हजारोंनी, सहसंयुज बंधांनी जोडले जाऊन जो लांबलचक रेणू बनतो त्याला पॉलिमर किंवा बहुवारिक म्हणतात. या व्याख्येत कोणत्याही मूलद्रव्याचे नाव नाही. पदार्थ निसर्गातला की कारखान्यातला, कडक की मऊ, याचाही उल्लेख नाही. धातू किंवा आम्ल म्हटले की त्या पदार्थाचे गुण बरेचसे कळतात; पॉलिमर म्हटल्यावर कळते ती फक्त रेणूची बांधणी.

पांढुर्णा आणि सौंसर हा संत्रा-कापसाचा मुलूख. इथल्या बागायतदाराच्या व्यवहारात एकच रेणू दोन रूपांत येतो. इथिलीन हा वायू आहे: दोन कार्बन, चार हायड्रोजन, रेणुभार 28, उत्कलनबिंदू उणे 104 अंश सेल्सिअस. झाडे तो स्वतः तयार करतात, आणि हिरव्या सालीचा संत्रा इथिलीनमध्ये ठेवला की सालीतले हरितद्रव्य जाऊन फळाला रंग चढतो. हेच रेणू दुहेरी बंध उघडून हजारोंनी जोडले की पॉलिइथिलीन होते. ठिबकची लॅटरल नळी, मल्चिंगचा कागद, फळे भरायचे क्रेट, सगळे त्याचेच. कार्बन-हायड्रोजनचे प्रमाण वायूत आणि नळीत अगदी सारखे असते. लांब रेणू मात्र शिजवलेल्या शेवयांसारखे एकमेकांत गुंततात, आणि नळीला जो चिवटपणा येतो त्यात या गुंत्याचा वाटा मोठा आहे.

लांबीमुळे रसायनशास्त्राची नेहमीची मोजमापेही डळमळतात. साखरेचा रेणुभार 342. पांढुर्ण्याची असो की कोल्हापूरची, रेणू तोच. पॉलिइथिलीनच्या एकाच तुकड्यात आखूड आणि लांब साखळ्या शेजारी शेजारी असतात, म्हणून त्याचा सरासरी रेणुभार सांगावा लागतो. त्याला उत्कलनबिंदूही नाही, कारण वाफ होण्याआधी साखळ्याच तुटतात. शुद्ध रेणू म्हणजे एकच सूत्र आणि एकच वजन, अशा शिस्तीत वाढलेल्या रसायनशास्त्रज्ञांना हे पचले नाही, यात नवल नाही. जर्मनीच्या हेरमान श्टाउडिंगर यांनी 1920 मध्ये अशा लांब साखळ्यांची कल्पना मांडली, तेव्हा रबर आणि सेल्युलोज म्हणजे छोट्या रेणूंचे नुसते पुंजके, असा समज प्रबळ होता. श्टाउडिंगर यांना नोबेल मिळाले ते 1953 मध्ये.

लांबीइतकेच महत्त्व सांध्याला आहे, आणि खरी गंमत इथेच आहे. ज्वारीच्या दाण्यातला स्टार्च ग्लुकोजचा, कापसातले सेल्युलोजही ग्लुकोजचेच. फरक असतो तो दोन ग्लुकोजमधल्या बंधाच्या दिशेत. स्टार्चची साखळी त्यामुळे वळत जाते, आणि माणसाच्या लाळेतली विकरे ती तोडू शकतात. सेल्युलोजमध्ये दर दुसरे ग्लुकोज उलटे बसते, साखळी सरळ राहते, शेजारच्या साखळ्यांना हायड्रोजन बंधांनी घट्ट धरते. पाण्यात न विरघळणारा तंतू तयार होतो. हा सांधा तोडणारे विकर माणसाकडे नाही. बैलाच्या पोटातल्या सूक्ष्मजीवांकडे आहे. म्हणून एकाच ताटाचे कणीस माणसाच्या वाट्याला येते आणि कडबा बैलाच्या.

पॉलिमर आणि प्लास्टिक यांची गल्लत सर्रास होते. प्लास्टिक म्हणजे पॉलिमरमध्ये रंग, भरण, मऊपणा आणणारी द्रव्ये वगैरे मिसळून केलेला, साच्यात घालता येणारा माल. प्लास्टिकात पॉलिमर असतेच, पण कापूस, लोकर, डीएनए आणि संत्र्याच्या सालीतले पेक्टिन ही पॉलिमरे असूनही त्यांना कोणी प्लास्टिक म्हणत नाही. मिठाच्या खड्यातही एकच रचना असंख्य वेळा येते. तरी ते पॉलिमर नव्हे, कारण तिथे साखळी नाही, पाण्यात टाकताच सोडियम आणि क्लोराइड आयन सुटे होतात. पितळेसारखा मिश्रधातूही नव्हे. त्यात अणूंची सरमिसळ असते.

सौंसर तहसिलीतल्या बोरगाव औद्योगिक क्षेत्रात रेमंडची कापडगिरणी आहे. लोकर, पॉलिस्टर आणि व्हिस्कोस ही तिन्ही पॉलिमरे अशा गिरणीत एका छपराखाली येतात. सुटिंगच्या कापडाचा धागा उसवून ज्योतीला धरला की त्याची जात कळते. लोकर हे प्रथिन, तिला केस जळल्याचा वास येतो. पॉलिस्टर आक्रसते, वितळते, आणि टोकाला कडक काळा मणी उरतो. व्हिस्कोस कागदासारखे भुरुभुरु जळते, अगदी कापसासारखे. तेही सेल्युलोजच; फक्त लाकडाच्या लगद्यातून विरघळवून पुन्हा तंतू केलेले. या खटाटोपात साखळी आखूड होते: कापसात सुमारे 10 हजार ग्लुकोज घटक, व्हिस्कोसमध्ये काही शे. ओले झाल्यावर व्हिस्कोस कमजोर पडते, त्यामागे हेही एक कारण आहे.

टिकाऊपणाचाही निकाल बहुतांशी सांध्यावरच लागतो. कापसाची चिंधी मातीतले सूक्ष्मजीव कुजवतात. पॉलिइथिलीनच्या कार्बन-कार्बन बंधाला ते सहजी हात घालू शकत नाहीत. तिथे ऊन काम करते. अतिनील किरणांनी साखळ्या तुटून नळी ठिसूळ होते. ते लांबवण्यासाठी लॅटरलमध्ये किरण शोषणारी काजळी मिसळतात, म्हणून ती काळी असते. मल्चिंगचा कागद फाटून दिसेनासा झाला, तरी त्याचे बारीक कण मातीत राहतातच. पर्याय म्हणून पॉलिलॅक्टिक आम्लाचे नाव घेतले जाते. ते मक्याच्या स्टार्चपासून करता येते, आणि छिंदवाड्याच्या बाजूला मका भरपूर. पण स्टार्चचे ग्लुकोज, ग्लुकोजचे लॅक्टिक आम्ल आणि त्याची नवी साखळी, एवढ्या प्रवासात मक्याचा मूळ सांधा उरत नाही. नव्या सांध्याला नीट कुजायला कंपोस्ट प्रकल्पातली साठेक अंशांची ऊब आणि ओल लागते. शेताच्या बांधावर पडून ते लवकर मुरत नाही.