कपाटाचे माप

घर केवढे असावे याविषयी माणसामाणसांत मतभेद असतील. पण कपाट केवढे असावे याविषयी साऱ्या जगाचे एकमत आहे. ते आहे त्याहून वीतभर मोठे असावे! आमचे भिंतीतले कपाट तर दर दिवाळीला थोडे थोडे आखडत जाते, असा माझा अनुभव आहे. दसरा उलटला की सौभाग्यवती त्याचे दार उघडते. आधी चार उशांचे अभ्रे तिच्या अंगावर येतात, मग माझा लग्नातला कोट, आणि मागोमाग विद्यार्थ्यांच्या जुन्या निबंधांचा गठ्ठा.

"अहो, हे कोणी ठेवलं इथं?" ती विचारते.

मी पडलो मराठीचा अध्यापक. मी कर्ता गाळून उत्तर देतो, "ठेवलं गेलं असेल."

यंदा मात्र तिने ठरावच मांडला. कपाटाला आतून कप्पे, खण आणि कपडे टांगायची दांडी करून घ्यायची. सहा फूट उंच, तीन फूट रुंद आणि बावीस इंच खोल अशा त्या गुहेत आजवर फक्त तीन फळ्या होत्या, आणि फळीवर ठेवलेल्या वस्तूचे पुढे काय होते हे फळीलाच ठाऊक!

आमच्या वाईच्या घरात असली अडचण कधी आली नाही. तिथे कपाटच नव्हते. दिव्याला देवळी होती, तेलाच्या बाटलीला कोनाडा, टोपीला खुंटी, धुतल्या कपड्यांना वलणी, दुधादह्याला शिंके, डाळी-पिठांना उतरंड, धान्याला बळद आणि उरलेल्या साऱ्या संसाराला माळा. प्रत्येक वस्तूला जागा होती आणि प्रत्येक जागेला नाव होते. काळोखातसुद्धा हात बरोबर पडे. 'कपाट' या संस्कृत शब्दाचा अर्थच मुळी दार. आतल्या जागेला आपण तिच्या दाराचे नाव दिले, याचे कारण मला आता कळते. दार लावले की आतला पसारा दिसत नाही, हाच त्या वस्तूचा खरा गुण!

ठराव मंजूर होताच मी स्टुलावर चढलो, वरच्या फळीपाशी टेप लावली, छत्तीस इंच असे कागदावर लिहिले आणि दुकान गाठले. तिथे तारेच्या टोपल्या होत्या, सरकते खण होते, टाय टांगायचे आकडे होते. (मी आयुष्यात टाय लावलेला नाही, तरी ते आकडे घ्यावेसे वाटले.) अखेर टोपल्यांची एक देखणी चौकट घेऊन मी विजयी मुद्रेने घरी आलो. चौकट वरच्या बाजूने छान आत गेली आणि मध्यावर येऊन अडकली. दुकानदार ती परत घेईना. सध्या ती गॅलरीत कांदेबटाटे सांभाळते.

मग मिस्त्रींना बोलावणे आले. त्यांनी माझा कागद न पाहताच टेप काढली. वर छत्तीस इंच, मध्ये पस्तीस इंच सहा सूत, तळाशी पस्तीस इंच दोन सूत. सूत म्हणजे इंचाचा आठवा हिस्सा. तेवढ्यावर सुतारकाम तरते किंवा बुडते.

"सर, भिंत कधी सरळ नसते," ते म्हणाले. "माप तीन ठिकाणी घ्यायचं आणि त्यातलं सगळ्यात लहान धरायचं. कमी पडलं तर पट्टी मारता येते. जास्त झालं तर भिंत थोडीच सरकणार?"

त्या दिवशी मला बरेच ज्ञान मिळाले. खण चॅनेलवर सरकवायचा तर दोन्ही बाजूंना अर्धा अर्धा इंच सोडावा लागतो. बिजागरीच्या बाजूला पट्टी मारली नाही तर खण उघडताना दारावर आपटतो. सदरे टांगायला दांडीखाली चाळीस इंच मोकळे हवेत. घडीच्या कपड्यांचा कप्पा मात्र बारा इंचांहून उंच करू नये. उंच केला की माणूस ढीग रचतो, आणि खालची घडी ओढली की वरचा सारा ढीग कोसळतो.

"आता माणसागणिक कपडे वेगळे काढा, म्हणजे कप्पे ठरवता येतील," मिस्त्री म्हणाले.

आम्ही पलंगावर तीन ढीग केले : माझा, सौभाग्यवतीचा आणि मुलाचा. मिस्त्रींनी ते पाहिले, मग खिडकीशी वाती वळत बसलेल्या आईकडे पाहिले.

"आणि आजींचे?"

आम्ही दोघेही गप्प झालो. आईचे कपडे कपाटात नव्हतेच. वाईचे घर विकून ती आमच्याकडे राहायला आली, त्याला दीड वर्ष झाले. ती येताना आणलेली लोखंडी ट्रंक खाटेखाली गेली ती तिथेच राहिली. रोज सकाळी ती दुखऱ्या गुडघ्यांवर हात ठेवून खाली बसे, ट्रंक ओढी, साडी काढी आणि ट्रंक पुन्हा आत लोटी. तो आवाज मी रोज ऐकत होतो. जुनी सवय आहे, एवढेच मी स्वतःला सांगितले होते.

"आई, तू कपाटात का नाही ठेवलंस सामान?" मी विचारले.

"अरे, तिथं तुमचंच मावत नाही. माझ्या चार साड्यांचं काय ते! ट्रंकेत बऱ्या आहेत. उद्या निघायचं झालं तर उचलायला सोपं."

निघून कुठे जायचे, हे तिने सांगितले नाही, आणि मला विचारवेना.

सौभाग्यवती उठली. माझ्या पुस्तकांसाठी ठरलेल्या मधल्या कप्प्यावर तिने हात ठेवला. "मिस्त्री, हा आईंचा. त्यांना वाकायला नको आणि हात वर करायलाही नको." मिस्त्रींनी आईला उभे केले, तिच्या खांद्यापाशी टेप धरली, आणि फळी चार इंच खाली घेतली.

काम तीन दिवसांत झाले. पहिल्या दिवशी आईने कप्प्यात दोनच साड्या ठेवल्या, आणि त्याही कडेला, परक्याच्या ओटीवर टेकावे तशा. चौथ्या दिवशी वेखंडाची पुरचुंडी आली. धनत्रयोदशीला मलमलीत गुंडाळलेला लग्नातला शालू आला. शालूची घडी वर्षातून दोनदा मोडून निराळी घालावी, नाहीतर जर घडीवर तुटते, आणि डांबराची गोळी जरीला लागू देऊ नये, हे तिने सुनेला दोनदा बजावले. ते बजावणे ऐकून मला फार बरे वाटले. पाहुणे असे बजावत नाहीत.

पाडव्याच्या सकाळी तिने मला हाक मारली.

"ती ट्रंक आता माळ्यावर टाक बघू. उगाच खाटेखाली जागा अडवते."

मी ती ओढून बाहेर काढली. ती रिकामी होती. तेवढ्यात सौभाग्यवती माझा लग्नातला कोट घेऊन आली, कारण नव्या कपाटात त्याला कुठेच जागा निघाली नव्हती. आम्ही तो घडी करून ट्रंकेत ठेवला, झाकण लावले, आणि मी स्टुलावर चढलो.